शॅमेलिऑन एकटाच ठेवावा की त्याला सोबत आणावी?

निशिगंध :
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो. लेकाने कितीतरी दिवस धोशा लावला होता, म्हणून घरात एक व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन (रंग बदलणारा, झाडावर राहणारा सरडा) आणला. नर आहे, दहा महिन्यांचा, नाव बाजीराव. दोन बाय दोन बाय चार फुटांचा उभा जाळीचा पिंजरा, आत खरी झाडं (फायकस आणि मनीप्लांट), वर यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी, शेकायला वेगळा दिवा, आपोआप सुरू होणारा फवारा. खाणंपिणं व्यवस्थित, रंग हिरवागार.

सध्या सासूबाई पुण्याहून आल्या आहेत. सकाळचा चहा घेऊन त्या पिंजऱ्यासमोर बसतात आणि रोज म्हणतात, "अगं, किती एकटा पडलाय बिचारा. एखादी जोडीदारीण तरी आणा त्याला." आता लेकही आजीच्या पक्षात गेलाय. इथल्या एका दुकानात काचेच्या एकाच पेटीत आठ-दहा पिल्लं ठेवलेली असतात. तिथला विक्रेता म्हणाला, पिंजरा मोठा घ्या आणि खुशाल मादी आणा, काही होत नाही.

मलाही मनातून वाटतं की कुठलाही जीव जन्मभर एकटा ठेवणं बरोबर नाही. लव्हबर्ड, गिनीपिग एकटे ठेवू नका असं सगळेच सांगतात. मग यालाच वेगळा न्याय का? दोन नर एकत्र ठेवायचे नसतात एवढं मला माहीत आहे. पण नर-मादी? किंवा एकाच खोलीत दोन पिंजरे? ज्यांनी पाळलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आळशी_मांजर :
रुमाल टाकून ठेवते.
नाव बाजीराव ठेवल्यावर मस्तानीचा विषय निघणारच होता :)

टेक्सासचा_तात्या :
काशीबाई आधीच घरात असत्या तर हा धागा वेगळ्या विभागात गेला असता.

रानवाट :
निशिगंध, थोडक्यात उत्तर म्हणजे एकटाच ठेवा. आता सविस्तर लिहिते. मी फिनिक्सला असते, व्हेल्ड आणि पँथर या दोन्ही जातींचे शॅमेलिऑन बरीच वर्षं सांभाळतेय.

व्हेल्ड मूळचा येमेनच्या डोंगराळ पश्चिम भागातला आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य कोपऱ्यातला. तिथे तो कळपाने राहत नाही, जोडी जमवून राहत नाही, पिल्लंही सांभाळत नाही. मादी जमिनीत अंडी पुरते आणि निघून जाते. सहा ते नऊ महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा आईबाप दोघंही आसपास नसतात. वयात आलेल्या नराला दुसरा शॅमेलिऑन दिसला की त्याच्यापुढे दोनच गोष्टी असतात, भांडण किंवा मीलन. नुसतं शेजारी बसून राहणं त्याच्या स्वभावातच नाही. लव्हबर्ड एकमेकांची पिसं साफ करतात, गिनीपिग एकमेकांना बिलगून झोपतात, म्हणून त्यांना सोबत लागते. तुमच्या सासूबाईंना जो एकटेपणा दिसतो तो याच्यासाठी सुरक्षितपणा आहे.

लोक फसतात ते वेगळ्याच ठिकाणी. एकत्र ठेवले तर रोज मारामारी होईल अशी त्यांची कल्पना असते, आणि ती झाली नाही की सगळं आलबेल आहे असं वाटतं. शॅमेलिऑनची दादागिरी आवाज न करता चालते. वरचढ असेल तो सगळ्यात वरची, दिव्याखालची फांदी धरतो. दुसरा खाली, पानांआड राहतो. त्याला ऊब कमी मिळते, त्यामुळे पचन मंदावतं. यूव्हीबी कमी मिळतं, त्यामुळे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. फवारा सुरू झाला तरी तो पुढे येऊन पानावरचे थेंब चाटत नाही. भर दिवसा डोळे मिटून बसणं, कायम काळपट तपकिरी राहणं, जाळीला लटकून बाहेर पडायची धडपड करणं ही त्रासाची लक्षणं आहेत. ती आपल्या लक्षात येईपर्यंत बराच काळ गेलेला असतो, कारण दुखणं लपवण्यात हा प्राणी पटाईत असतो.

आणि "मोठा पिंजरा घ्या" याबद्दल. याचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, जागचं न हलता त्याला जवळजवळ सगळ्या बाजूंचं दिसतं. घरात मावेल त्या पिंजऱ्यात दुसरा प्राणी त्याच्या नजरेआड होणं कठीण. रानात हरलेला दुसऱ्या झाडावर निघून जातो. पिंजऱ्यात तो जाणार कुठे?

आळशी_मांजर :
बाप रे. माहितीपूर्ण प्रतिसाद. मी इथे फक्त गंमत बघायला आले होते, आता नीट वाचते.

पानोपानी :
रानवाटला पूर्ण अनुमोदन. मी मादीच्या बाजूने लिहिते, माझ्याकडे व्हेल्ड मादीच आहे.

व्हेल्ड मादी पाच-सहा महिन्यांत वयात येते. नर जवळ असो वा नसो, ती अंडी घालते. कोंबडीसारखंच, फलित न झालेली. एका वेळी वीस ते सत्तर, कधी त्याहूनही जास्त. एवढी अंडी बनवायला कॅल्शियम तिच्याच शरीरातून जातं. म्हणून मोठ्या झालेल्या मादीला खाणं मोजून द्यायचं आणि शेकायची जागा नरापेक्षा थोडी थंड, २७ अंशांच्या आसपास ठेवायची, म्हणजे अंडी कमी होतात. आता तिच्यासोबत नर ठेवला तर? तो तिला सुखाने बसू देणार नाही. एकदा मीलन झालं की मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि पुन्हा नर न भेटताही फलित अंडी घालू शकते. म्हणजे "एकदाच भेटवू" असं म्हणणाऱ्याच्या हातातही पुढचं काही राहत नाही.

नको असताना नर जवळ आला तर मादी काय करते ते एकदा बघा. अंग काळपट होतं, त्यावर पिवळे-निळे ठिपके उमटतात, तोंड उघडून ती डुलायला लागते, फिस्कारते. तरी तो मागे हटला नाही तर चावते. पिंजऱ्यात हे रोज घडणार.

अंडी घालायची वेळ आली की ती खाणं सोडते आणि जमिनीवर फेऱ्या मारायला लागते. तिला फूटभर खोल ओल्या वाळू-मातीची पेटी द्यावी लागते. माझी मादी खणायला लागली की मी पिंजऱ्याला बाहेरून चादर लावते. पुढच्या पायांनी माती उकरून मागच्यांनी बाहेर ढकलते, पूर्ण आत जाते, नुसती शेपटी बाहेर दिसते. अशा वेळी कुणी बघतंय असं तिला जाणवलं तर खड्डा तसाच सोडून ती बाहेर येते आणि अंडी पोटात धरून बसते. अंडी अडली की मादी दगावते. आता त्याच पिंजऱ्यात वरून नर टक लावून बघतोय अशी कल्पना करा.

टेक्सासचा_तात्या :
सगळं मान्य. पण माझ्या ऑस्टिनच्या मित्राकडे नर-मादी एकाच मोठ्या पिंजऱ्यात बराच काळ आहेत. पिंजरा त्याने स्वतः बांधलाय, सहा फूट उंच. मी त्यांना एकदाही भांडताना पाहिलेलं नाही. मादीने दोनदा अंडी घातली, सुखरूप. प्रत्येक प्राण्याचा स्वभाव वेगळा असतो, हेही धरायला नको का?

पानोपानी :
तात्या, मित्राला दोन प्रश्न विचाराल? मादीचं वजन ते करतात का, आणि ती झोपते कुठे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवलं तर जे डोळ्यांना दिसत नाही ते आकड्यात दिसतं.

टेक्सासचा_तात्या :
विचारतो.

सह्यवेडा :
मला मुळात सरडा पिंजऱ्यात ठेवणंच पटत नाही. एकटा की जोडीने हा नंतरचा प्रश्न. आपल्याकडे रानात असलेला घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, किती देखणा असतो. तो झाडावरच राहू द्या. या धाग्यामुळे इथे कुणाला घोयरा घरी आणायची बुद्धी होऊ नये एवढीच कळकळ आहे.

निशिगंध :
सह्यवेडा, तुमची भावना कळते. आमचा बाजीराव पिंजऱ्यातच जन्मलेला आहे, त्याला टेक्सासच्या हवेत सोडणं योग्य होणार नाही. आता घेतलाय तर नीट सांभाळणं एवढंच माझ्या हातात आहे, म्हणून तर विचारतेय.

रानवाट :
निशिगंध, सोडायचा तर विचारही नको. फ्लोरिडात लोकांनी सोडलेल्या व्हेल्डची रानात वस्ती झाली आहे आणि तिथले जाणकार त्यामुळे चिंतेत आहेत.

कोकणी_काका :
घोयऱ्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आमच्या गुहागरकडे पाऊस ओसरला की तो हमखास दिसतो. एरवी झाडावर असा बेमालूम मिसळतो की हातभर अंतरावर असून कळत नाही. दिवाळीच्या आसपास मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, आणि नेमकी तेव्हाच गाडीखाली सापडते. तिची चाल म्हणजे एक पाऊल पुढे, जरा मागे, पुन्हा पुढे, वाऱ्याने पान हलावं तशी. रस्ता ओलांडायला तिला मिनिटंच्या मिनिटं लागतात.

रानवाटबाईंनी लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काजूच्या एका फांदीवर दोन नर समोरासमोर आले होते. दोघांनी अंग बाजूने असं चपटं केलं की होते त्याच्या दुप्पट दिसायला लागले. गळा फुगवलेला, तोंडं उघडी, अंगावरचे पट्टे गर्द झालेले. बराच वेळ नुसतं डुलणं चाललं होतं, एकमेकांना स्पर्श नाही. मग एकाचा रंग उतरत गेला, काळपट पडला, आणि तो पाठ फिरवून खोडावरून खाली निघून गेला. दुसरा तिथेच, शेपटीची गुंडाळी सोडून उभा. सगळं भांडण रंगावरच मिटलं. पिंजरा असता तर त्या हरलेल्याला उतरायला खोड कुठून मिळालं असतं?

रानवाट :
काका, किती सुंदर लिहिलंत! तुम्ही जे पाहिलंत त्यावर ॲरिझोना स्टेट विद्यापीठात अभ्यास झालाय, व्हेल्ड नरांवरच. रसेल लायगन आणि केव्हिन मॅकग्रॉ यांनी २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्याच्या अंगावरचे पट्टे जास्त उजळतात तो पुढे सरकायची शक्यता जास्त, आणि ज्याच्या डोक्याचा रंग जास्त उजळ होतो आणि झपाट्याने बदलतो तो बहुधा जिंकतो. हरणारा काळवंडतो ते "मी माघार घेतली, आता मारू नको" हे सांगायला, असंही लायगन यांनी पुढच्या वर्षी मांडलं. म्हणून पिंजऱ्यातला एक सारखा काळपट दिसत असेल तर तो दिवसभर शरणागती पत्करून बसलाय असं समजा.

वैदर्भीय :
आमच्याकडे अजूनही घोयरा दिसला की दगड घेऊन धावणारे आहेत. विषारी आहे, अशुभ आहे, काय वाट्टेल ते. तो अजिबात विषारी नसतो. कुठे अडकलेला, जखमी दिसला तर वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

जिज्ञासू :
भारतात शॅमेलिऑन पाळता येतो का? पुण्यात एकाकडे पँथर पाहिल्यासारखा आठवतो.

काळा_कोट :
दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. घोयरा हा भारतीय वन्यजीव आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळं गुन्हा. "शेतात सापडला म्हणून आणला" ही सबब चालत नाही.

पँथर, व्हेल्ड हे परदेशी. ते साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबद्दलच्या कराराच्या यादीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रजाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार ज्यांच्याकडे असे जिवंत प्राणी आहेत त्यांना पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. आधीपासून असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, नंतर आणलेल्यांना तीस दिवसांची. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, हेही कळवावं लागतं. जोडी लावून पिल्लं काढायचा विचार करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. विक्रेता कागद देत नसेल तर तिथून उठून यायचं.

म्युनिकवासी :
थोडा विरोधी सूर लावतो. "शॅमेलिऑनला सोबत लागतच नाही" हे इतकं ठामपणे म्हणता येत नाही.

एक तर शॅमेलिऑन म्हणजे फक्त व्हेल्ड नाही. माझ्याकडे टांझानियाकडचे बुटके दाढीवाले शॅमेलिऑन आहेत, बोटाएवढे, वाळक्या पानाच्या रंगाचे. जमिनीलगत पालापाचोळ्यात राहतात. एक नर आणि दोन माद्या एका मोठ्या काचपेटीत आहेत. वजनं स्थिर, तिघंही खातात, रात्री वेगवेगळ्या काटक्यांवर झोपतात. अनेक अनुभवी लोक ही जात अशीच ठेवतात. दोन नर मात्र नाही.

दुसरं म्हणजे, सिसी बॅलन, रिचर्ड शाइन आणि मॅट्स ओल्सन यांचा २०१४ चा अभ्यास वाचा. व्हेल्डचीच पिल्लं, काही जन्मापासून एकेकटी वाढवली, काही चारचारच्या गटात. नंतर समोरासमोर आणल्यावर एकटी वाढलेली पिल्लं जास्त दबून वागली, त्यांचे रंग फिके-काळपट राहिले आणि भक्ष्य पकडण्यातही ती मागे पडली. लहानपणी इतरांना बघून, त्यांच्याशी टक्कर घेऊन ती काहीतरी शिकतात. मग "एकटेपणाचा काहीच परिणाम नाही" हे कसं मानायचं?

निशिगंध :
हे वाचून पुन्हा गोंधळले. म्हणजे दुकानातली ती भरलेली पेटी बरोबर होती?

रानवाट :
म्युनिकवासी, बुटक्यांबद्दल पूर्ण मान्य, मी लिहिताना व्हेल्डच डोक्यात धरला होता. तो अभ्यासही मला माहीत आहे आणि महत्त्वाचा वाटतो. पण तो पिल्लांबद्दल आहे. अंड्यातून निघाल्यावरचे सुरुवातीचे आठवडे. त्या वयात सगळी पिल्लं एका आकाराची असतात, कुणी कुणाला फारसं दाबू शकत नाही. साधारण तीन महिन्यांच्या आसपास त्यांच्यात उच्चनीच सुरू होते, एखादं झपाट्याने वाढतं, एखादं मागे पडतं, शेपट्यांचे चावे दिसायला लागतात. तेव्हा वेगळं करायचं. बाजीराव दहा महिन्यांचा आहे, त्याचं बालपण संपलं. आता सोबत आणून ते भरून निघत नाही.

निशिगंध, दुकानातल्या पेटीबद्दल प्रश्न इतकाच की ती पिल्लं तिथे किती दिवस असतात आणि सारख्या आकाराची आहेत का. लहान-मोठी एकत्र कोंबली असतील तर बरोबर नाही.

म्युनिकवासी :
मला हेच म्हणायचं होतं की नियम वयाप्रमाणे आणि जातीप्रमाणे बदलतो. मोठ्या व्हेल्ड नराबद्दल माझंही मत तुमच्यासारखंच आहे. पण मग पिल्लं पैदा करणाऱ्यांनी आठवड्याच्या पिल्लाला वेगळ्या डब्यात टाकून विकणंही थांबवायला हवं. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

रानवाट :
ह्याला शंभर टक्के अनुमोदन. पिल्लं घेताना "ही किती दिवस भावंडांबरोबर होती" हे विचारायलाच हवं.

जिज्ञासू :
अवांतर : मादागास्करच्या फुर्सिफर लाबोर्दी या जातीबद्दल वाचून थक्क झालो होतो. आठ-नऊ महिने अंड्यात आणि बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिन्यांचं आयुष्य. पाऊस सुरू झाला की सगळी पिल्लं एकदम बाहेर पडतात, वाढतात, भांडतात, अंडी घालतात आणि मोसम संपेपर्यंत मोठा एकही उरत नाही. काही काळ सगळी जात फक्त जमिनीखालच्या अंड्यांच्या रूपात जिवंत असते. आईबाप, सोबत, घरटं हे सगळे आपले शब्द आहेत असं तेव्हा वाटलं.

आळशी_मांजर :
जिज्ञासू, अवांतर नाही, उत्तम प्रतिसाद.
माझी एक बाळबोध शंका. पिंजऱ्यात आरसा ठेवला तर? आमच्या पोपटाला आरसा फार आवडायचा.

पानोपानी :
नको, नको. आरशात त्याला प्रतिस्पर्धी दिसतो, आणि तो कधी हरतही नाही, जातही नाही. काचेच्या पेटीतसुद्धा रात्री बाहेर अंधार आणि आत दिवा असेल तर काचेत प्रतिबिंब पडतं आणि काही नर त्यावर तुटून पडतात. व्हेल्डला जाळीचा पिंजरा बरा पडतो त्यातलं एक कारण हेही आहे.

पशुमित्र :
उशिरा आले, पण एक बाजू राहिली आहे ती मांडते. मी पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करते.

नवा प्राणी म्हणजे नवे जंत. कॉक्सिडिया आणि इतर परजीवी शॅमेलिऑनमध्ये वारंवार सापडतात. धडधाकट दिसणारा प्राणीही ते बाळगून असतो, आणि ताण आला की उफाळतात. एकत्र ठेवलं तर दोघांनाही लागण. म्हणून दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवणार असलात तरी नवा प्राणी किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, वेगळ्या भांड्याने. विष्ठा तपासून घ्या. विष्ठेबरोबर येणारा पांढरा भाग नारिंगी दिसायला लागला तर पाणी कमी पडतंय. दोन प्राणी एकत्र असतील तर ती विष्ठा कुणाची हे तुम्ही ओळखणार कसं? आजारी कोण तेच कळत नाही.

अंडी अडलेली मादी माझ्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. डोळे खोल गेलेले, पकड सुटलेली. घरचे म्हणतात, कालपर्यंत ठीक होती. ती कालपर्यंत ठीक नव्हती.

माउईची_माई :
आमच्या हवाईत शॅमेलिऑन अंगणात येतात! तीन शिंगांचे जॅक्सन. मूळचे केनिया-टांझानियाच्या डोंगरातले. १९७२ मध्ये ओआहू बेटावर पाळीव प्राण्यांच्या एका व्यापाऱ्याने मागवले होते, तिथून सुटले आणि बेटाबेटांवर पसरले. हे अंडी घालत नाहीत, पिल्लांनाच जन्म देतात. दिसायला गोजिरे, पण इथले दुर्मीळ किडे आणि गोगलगायी खातात, त्यामुळे निसर्ग सांभाळणाऱ्यांना नकोसे झालेत. व्हेल्ड तर इथे बाळगायलाही बंदी आहे.

आमच्या अव्होकाडोवर एक नर कायम असतो. दुसरा येतो तो शेजारच्या जास्वंदीवर. एका झाडावर दोन मोठे नर फार काळ टिकलेले मी पाहिले नाहीत.

इंदू_आजी :
मी निशिगंधच्या सासूबाईंच्या वयाची आहे, म्हणून त्यांच्या बाजूने लिहिते. त्यांचं चुकलेलं नाही गं. आमच्या पिढीला एकटं ठेवलेलं जनावर बघवत नाही. गोठ्यात एक गाय असली तरी वासरू हवं, कोंबडीला कोंबडी हवी, हेच आम्ही बघितलं. त्यांना हे सगळे प्रतिसाद वाचून दाखव. आणि त्याच्याशी जवळीक हवी असेल तर त्याच्या खाण्याचं काम त्यांच्याकडे दे. परदेशातल्या घरात दिवसभर करायला काही नसतं, हे मी लेकीकडे राहून अनुभवलंय.

निशिगंध :
इंदू आजी, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. कोकणी काकांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्या मूळच्या चिपळूणच्या, त्यांनी लहानपणी घोयरा पाहिलाय, पण भांडताना कधी नाही.

रातकिडे चिमट्याने भरवायचं काम कालपासून त्यांच्याकडे आहे. आधी किळस वाटत होती. काल तो फांदीवरून पुढे झुकला, दोन्ही डोळे एकदम किड्यावर रोखले, तोंड जरासं उघडलं, आणि जीभ सुटली ती चिमट्यापर्यंत. त्या केवढ्याने ओरडल्या! आज सकाळी चहाआधीच तयार होत्या.

मादी आणायची नाही, हे नक्की केलं. लेक अजून हिरमुसलेला आहे. पण पानोपानीने अंड्यांबद्दल लिहिलेलं वाचल्यावर तो स्वतःच म्हणाला की तिला त्रास होईल. आता एकच शंका. पिंजरा खिडकीजवळ आहे आणि संध्याकाळी काचेत त्याचं प्रतिबिंब दिसतं. तो त्या वेळी गळा फुगवतो. मी समजत होते की त्याला बाहेरचे पक्षी दिसतात.

रानवाट :
ते प्रतिबिंबच असणार. अंधार पडायच्या आधी पडदा ओढा, किंवा पिंजरा खिडकीपासून काटकोनात फिरवा. त्या बाजूला मनीप्लांटची वेल जाळीवर चढवलीत तर आणखी चांगलं. आणि रात्री खाऊन उरलेले रातकिडे पिंजऱ्यात ठेवू नका, झोपलेल्या शॅमेलिऑनला ते कुरतडतात. ही सूचना सासूबाईंसाठी.

टेक्सासचा_तात्या :
मित्राकडे जाऊन आलो. वजन तो करत नव्हता, आम्ही मिळून केलं. मागचा आकडाच नसल्यामुळे त्यावरून काही ठरवता येईना. मादी झोपते सगळ्यात खाली, पाण्याच्या निचऱ्याजवळ. नर वर. मी अर्धा तास उभा राहून बघितलं, तेवढ्या वेळात ती दिव्याकडे एकदाही गेली नाही.

मित्र अजून म्हणतो की भांडत नाहीत तर वेगळं कशाला. मी त्याच्याशी वाद घातला, त्याला पटलेलं नाही. पण पशुमित्रांचा प्रतिसाद दाखवल्यावर विष्ठा तपासून आणायला तयार झाला, आणि मादी पुन्हा अंड्यांवर आहे असं वाटतंय म्हणून तेवढ्यापुरता तरी वेगळा पिंजरा घ्यायला राजी आहे. त्याला जागा कमी आहे. तिला किती मोठा लागेल?

पानोपानी :
मादी लहान असते, दीड बाय दीड बाय तीन फूट चालेल, त्यात खाली अंड्यांची पेटी मावली पाहिजे. वाळू-माती इतकी ओली ठेवा की बोगदा खणला तर ढासळत नाही, पण मुठीत दाबल्यावर पाणी गळत नाही. दोन्ही पिंजरे एकाच खोलीत राहणार असतील तर मध्ये आरपार न दिसणारा पुठ्ठा किंवा फळी, वरपासून खालपर्यंत. आणि तात्या, अंडी होईपर्यंत थांबू नका म्हणावं, तिला आजच हलवा.

टेक्सासचा_तात्या :
फोन लावलाय. माझ्याकडे जुना पिंजरा पडून आहे, संध्याकाळी नेऊन देतो.